सलीम अली कोण होते? शहरातल्या तलावाला त्यांचं नाव का?

छत्रपती संभाजीनगरात दिल्ली गेटजवळचा मुघलकालीन खिजरी तलाव आज सलीम अली सरोवर म्हणून ओळखला जातो. हे नाव ज्यांचं, ते पक्षीतज्ज्ञ सलीम अली मराठवाड्याला नवखे नव्हते.

सुरुवात कशी झाली?
जन्म १२ नोव्हेंबर १८९६, मुंबई. लहानपणीच आई-वडिलांचं छत्र हरपलं, मामांनी वाढवलं. छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ती कोणती, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथलेच झाले.

मराठवाड्याशी संबंध काय?
विद्यापीठाची पदवी नसल्याने सरकारी नोकरीची संधी हुकली. बर्लिनहून शिकून परतले, तोवर मुंबईच्या संग्रहालयातलं पदही गेलं होतं. मग त्यांनी संस्थानांपुढे प्रस्ताव ठेवला: पगार नको, फक्त खर्च द्या, तुमच्या राज्यातले पक्षी नोंदवतो. १९३१-३२ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानाची पाहणी केली. औरंगाबाद तेव्हा याच संस्थानात होतं. मुक्कामांची व्यवस्था पत्नी तहमिना पाहत. १९३९ मध्ये त्यांचं निधन झालं. अलींनी काम थांबवलं नाही. १९४१ मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं प्रसिद्ध पुस्तक आलं.

पाणपक्ष्यांसाठी काय केलं?
१९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सोसायटीने स्थलांतरित पक्ष्यांच्या पायात क्रमांकाची कडी घालायला सुरुवात केली. पक्षी रोगजंतू वाहून आणतात का, हे तपासायचं होतं. कडी घातलेला पक्षी दुसरीकडे सापडला की त्याचा प्रवास कळतो. भरतपूरची पाणथळ जागा वाचवण्यासाठीही अलींनी वजन खर्च केलं. १९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

आज त्याचं काय?
१९८६ मध्ये पैठणचा नाथसागर जायकवाडी पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, अलींचं निधन झालं. हिवाळ्यात इथे हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात, रोहित आणि बदकंही दिसतात. एखाद्याच्या पायात कडं किंवा मानेत पट्टा असेल, तर चांगल्या लेन्सने काढलेल्या फोटोत क्रमांक वाचता येतो. तो सोसायटीला तारीख आणि ठिकाणासह कळवला, तर फोटोची नोंद होते. फोटोसाठी थव्याजवळ मात्र जाऊ नका. लांबून आलेल्या पक्ष्याला उगाच उडायला लावलं, तर साठवलेली ताकद वाया जाते.