अनवाणी धावपटू

विद्यार्थी मित्रांनो, शाळेच्या क्रीडास्पर्धांत तुम्ही शंभर मीटरची शर्यत धावला असाल. शिट्टी वाजते, मुले जीव तोडून धावतात आणि बघता बघता शर्यत संपते. आता अशी कल्पना करा, की शर्यत संपतच नाही. एक तास झाला, दोन तास झाले, तरी धावायचेच आहे. अशा लांब पल्ल्याच्या शर्यतीला मॅरेथॉन म्हणतात. तिचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर असते. त्याच्या निम्म्या अंतराची ती अर्धमॅरेथॉन. या शर्यती एका दिवसात जिंकता येत नाहीत. त्यांच्यासाठी महिनोन् महिने तयारी करावी लागते. ही तयारी कशी असते, हे ज्याच्या जीवनावरून आपल्याला कळते, त्या अबेबे बिकिलाची ओळख आपण करून घेऊ या.

अबेबेचा जन्म ७ ऑगस्ट १९३२ रोजी इथिओपियातील जाटो नावाच्या लहानशा खेड्यात झाला. इथिओपिया हा आफ्रिका खंडाच्या पूर्वेकडील डोंगराळ देश आहे. तेथे आडनाव लावत नाहीत. स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव लावतात. म्हणजे त्याचे नाव अबेबे आणि त्याच्या वडिलांचे बिकिला. तो तीन वर्षांचा असताना इटलीच्या सैन्याने इथिओपियावर स्वारी केली. त्या काळात इटलीच्या लोकांनी इथिओपियातील अक्सूम गावचा एक उंच, प्राचीन दगडी स्तंभ उचलून रोम शहरात नेला आणि तेथे उभा केला. हा स्तंभ लक्षात ठेवा. पुढे त्याचा उल्लेख येणार आहे.

लहानपणी अबेबे गेना नावाचा खेळ खेळत असे. हा खेळ हॉकीसारखा असतो. पण त्याचे मैदान फार मोठे असते. मुलांना खूप धावावे लागते. मोठा झाल्यावर तो राजधानी अदिस अबाबा येथे गेला आणि सम्राट हैले सेलासी यांच्या अंगरक्षक दलात शिपाई झाला.

तेथे त्याला ओन्नी निस्कानेन हे प्रशिक्षक भेटले. ते स्वीडनहून इथिओपियात आले होते. या सडपातळ शिपायाची चाल त्यांच्या नजरेत भरली. मग शिस्तीत सराव सुरू झाला. सुलुल्टाच्या टेकड्यांपासून अदिस अबाबापर्यंत सुमारे २० किलोमीटर अंतर आहे. हा रस्ता अबेबेच्या नेहमीच्या सरावाचा झाला. आज लोक अर्धमॅरेथॉनसाठी जेवढे अंतर धावतात, जवळजवळ तेवढे अंतर तो सरावात धावत असे!

अदिस अबाबा समुद्रसपाटीपासून २३०० मीटरपेक्षा जास्त उंचीवर आहे. एवढ्या उंचीवर हवा विरळ असते. प्रत्येक श्वासात शरीराला प्राणवायू कमी मिळतो. तेथे राहणाऱ्या माणसाच्या शरीराला हळूहळू याची सवय होते. त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी वाढतात. असा माणूस सखल प्रदेशात धावू लागला, की त्याला दम कमी लागतो. पण नुसत्या उंचीवर राहून कोणी धावपटू होत नाही. अदिस अबाबात हजारो माणसे राहत होती. रोज धावणारे मात्र थोडेच होते.

१९६० च्या ऑगस्ट महिन्यात अदिस अबाबात निवडीसाठी मॅरेथॉन झाली. अबेबेने ती २ तास २१ मिनिटे २३ सेकंदांत पूर्ण केली. त्या वेळचा ऑलिंपिक उच्चांकही यापेक्षा दीड मिनिटाहून अधिक होता. तरीही देशाबाहेर त्याचे नाव कोणाला ठाऊक नव्हते.

त्या वर्षीचे ऑलिंपिक सामने रोम शहरात होते. आपले मिल्खासिंग याच सामन्यांत ४०० मीटरच्या शर्यतीत चौथे आले होते. अबेबे रोमला पोहोचला आणि त्याने धावण्यासाठी नवे बूट घेतले. पण ते त्याच्या पायांना नीट बसेनात. पायांना फोड आले. आता काय करावे? शर्यत तोंडावर आलेली. असे बूट घालून बेचाळीस किलोमीटर धावणे म्हणजे अर्ध्या वाटेत बसण्याची वेळ. अनवाणी धावावे, तर रोमचे काही रस्ते दगडी फरशांचे. पण अबेबेला अनवाणी धावण्याचा सराव होता. त्याच्या तळव्यांना खडे आणि माती यांची ओळख होती. म्हणून त्याने नव्या बुटांवर विसंबून न राहता आपल्या पायांवर विश्वास ठेवला.

१० सप्टेंबर १९६० च्या संध्याकाळी शर्यत सुरू झाली. मोरोक्कोचा राधी हा धावपटू फार वेगवान आहे आणि त्याच्या छातीवर २६ हा क्रमांक असेल, असे निस्कानेन यांनी अबेबेला सांगून ठेवले होते. पण राधी त्या दिवशी १८५ क्रमांक लावून धावत होता. अबेबेला हे कसे कळणार? तो २६ क्रमांकाच्या धावपटूला शोधत एकेकाला मागे टाकत गेला. निम्मी शर्यत संपली. तोपर्यंत सर्वांच्या पुढे दोघेच उरले होते. एक अबेबे आणि दुसरा १८५ क्रमांकाचा धावपटू. ज्याला तो शोधत होता, तो त्याच्या शेजारीच धावत होता!

अंधार पडला. रस्त्याच्या कडेला सैनिक हातात मशाली घेऊन उभे होते. मशालींच्या उजेडात दोघे खांद्याला खांदा लावून धावत होते. शर्यत संपायला थोडेच अंतर उरले. तेथेच अक्सूमचा तो दगडी स्तंभ उभा होता. अबेबेने वेग वाढवला आणि राधी मागे पडला. अबेबेने २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत शर्यत जिंकून नवा जागतिक उच्चांक केला. ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी खेळाडू ठरला. ज्या देशाच्या सैन्याने त्याचा देश जिंकला होता, त्या देशाच्या राजधानीत एका शिपायाने हा विजय मिळवला. त्यासाठी त्याला शस्त्र उचलावे लागले नाही. पुढे २००५ साली तो स्तंभही इथिओपियाला परत मिळाला.

चार वर्षांनी टोकियोला ऑलिंपिक सामने होते. अबेबेची तयारी जोरात चालू होती. तेवढ्यात त्याच्या पोटात दुखू लागले. आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया करावी लागली. शर्यतीला जेमतेम पाच आठवडे उरले होते. इतक्या दिवसांच्या मेहनतीवर पाणी पडणार, असे वाटू लागले. पण अबेबे काही दिवसांतच उठला आणि पुन्हा सरावाला लागला. २१ ऑक्टोबर १९६४ रोजी तो टोकियोत धावला. या वेळी त्याच्या पायांत बूट होते. त्याने २ तास १२ मिनिटे ११ सेकंदांत शर्यत जिंकली. दुसरा धावपटू चार मिनिटांनी आला. तोपर्यंत अबेबे मैदानातील हिरवळीवर व्यायाम करत होता! ऑलिंपिक मॅरेथॉन दोनदा जिंकणारा तो पहिला धावपटू होय.

प्रत्येक वेळी यश मिळतेच असे नाही. १९६८ च्या मेक्सिकोच्या शर्यतीत पायाच्या दुखापतीमुळे त्याला सुमारे १७ किलोमीटरनंतर थांबावे लागले. ती शर्यत त्याचाच देशबांधव मामो वोल्डे याने जिंकली. त्यानंतर १९६९ च्या मार्च महिन्यात अबेबेच्या मोटारीला भयंकर अपघात झाला. तो वाचला; पण ज्या पायांनी त्याला जगात नाव मिळवून दिले होते, ते पाय कायमचे निकामी झाले.

मित्रांनो, धावणाऱ्या माणसाचे पायच गेले, तर त्याने काय करावे? अबेबेला उपचारांसाठी इंग्लंडला नेले. हळूहळू त्याच्या हातांत शक्ती आली. मग त्याने हातांनी नवी तयारी सुरू केली. चाकाच्या खुर्चीत बसून तो धनुष्यबाण चालवू लागला, टेबल टेनिस खेळू लागला. १९७० साली इंग्लंडमधील अपंगांच्या स्पर्धेत त्याने भाग घेतला. पुढच्या वर्षी नॉर्वेमध्ये बर्फावरील घसरगाडीची शर्यत त्याने जिंकली.

२५ ऑक्टोबर १९७३ रोजी अबेबेचे निधन झाले. तेव्हा तो अवघा ४१ वर्षांचा होता. सगळा इथिओपिया शोकात बुडाला. पण त्याने दाखवलेल्या वाटेवर पुढे त्याच्या देशातील कितीतरी तरुण धावले आणि पदके मिळवून आले.

लोक अबेबेला अनवाणी धावणारा विजेता म्हणून ओळखतात. तुम्ही मात्र त्याची आणखी एक ओळख लक्षात ठेवा. बूट पायाला बसले नाहीत, आजार आला, पाय गेले. प्रत्येक वेळी आपल्याजवळ जे उरले आहे, ते घेऊन त्याने नव्याने तयारी सुरू केली.