धोंडजी वाघ : आपल्या दारातलं बंड

कुंदगोळ म्हटलं की आपल्याला सवाई गंधर्व आठवतात आणि डंबळ म्हटलं की दोड्डबसप्पाचं देऊळ. या दोन्ही गावांच्या किल्ल्यांवर १८०० सालच्या जुलै महिन्यात इंग्रज पलटणींनी हल्ले केले होते, हे मला परवापरवापर्यंत ठाऊक नव्हतं.

झालं असं, की राज्यशास्त्राच्या तासाला सोमालियाचा विषय निघाला. तिथलं सरकार १९९१ साली कोसळलं. २००७ पासून आफ्रिकी संघाच्या फौजा येऊन बसल्या, तरी अल-शबाबचं बंड काही मोडलं नाही. वर्गात कुणीतरी म्हणालं की हा त्यांच्या धर्माचा प्रश्न आहे, आपल्याकडं असलं काही नव्हतं. मला ते पटलं नाही, पण उत्तरही सुचलं नाही. मग ग्रंथालयात बसले आणि धोंडजी वाघ सापडला.

धोंडजीचा जन्म चन्नगिरीचा, म्हणजे आजच्या दावणगेरे जिल्ह्यातला. घराणं मराठा, पवारांचं. म्हैसूरच्या घोडदळात हैदर अलीच्या वेळेपासून चाकरी केली. १७९० साली टिपूविरुद्ध इंग्रज, निजाम आणि मराठे एकत्र आले. मराठ्यांनी आपल्या धारवाडच्या किल्ल्याला सहा-सात महिने वेढा घातला आणि एप्रिल १७९१ मध्ये तो घेतला. या धामधुमीत धोंडजी टिपूला सोडून निघाला आणि लक्ष्मेश्वरच्या बाजूला येऊन राहिला. युद्धानं मुलूख उजाड झाला होता, कारभार नव्या हातात गेला होता. धोंडजीनं माणसं जमवली आणि गावांकडून खंडणी वसूल करायला लागला.

पेशव्यांनी त्याच्यावर धोंडोपंत गोखल्यांना पाठवलं. दोघांचंही नाव धोंडोच बघा! गोखल्यांनी त्याला पार हुसकून लावलं. नाइलाजानं तो १७९४ च्या सुमारास पुन्हा टिपूकडं गेला. टिपूनं त्याला मुसलमान केलं आणि पुढं कैदेत टाकलं. मलिक जहान खान हे त्याचं नवं नाव. धर्म त्यानं मनानं घेतला नव्हता, त्याच्यावर लादला गेला होता. पण लोकांच्या तोंडी तो धोंडजी वाघच राहिला.

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला आणि कैदखान्याची दारं उघडली. धोंडजी बाहेर पडला तेव्हा टिपूचे हजारो स्वार बेकार झाले होते. घोडं आहे, तलवार आहे, पगार मात्र नाही! अशी माणसं त्याच्याभोवती गोळा झाली. त्यात हिंदूही होते आणि मुसलमानही. बिदनूरच्या मुलखात त्यानं जम बसवला. ऑगस्टमध्ये इंग्रजांनी शिकारीपूरजवळ त्याला हरवलं तेव्हा तो मराठी हद्दीत आला. तिथंही गोखल्यांनी त्याला झोडपलं, तरी तो संपला नाही.

का संपला नाही, हाच माझा प्रश्न होता. उत्तर धोंडजीपेक्षा पुण्यात जास्त सापडतं. सप्टेंबर १७९९ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धन कोल्हापूरकरांशी लढताना पडले. म्हणजे मराठेच मराठ्यांशी झुंजत होते आणि इकडचा मुलूख मोकळा पडला होता. १३ मार्च १८०० रोजी नाना फडणीस गेले. दुसऱ्या बाजीरावाचा कुणावर भरवसा नव्हता, आणि दौलतराव शिंदे पुण्यातच ठाण मांडून बसले होते. अशा वेळी धोंडजीनं तुंगभद्रेपासून मलप्रभेपर्यंत एकेक ठाणं घेतलं आणि उभय लोकांचा अधीश्वर अशी पदवी लावली. कैदेतून सुटून वर्षच झालं होतं आणि हा गडी दोन्ही जगांचा राजा!

पेशव्यांच्या परवानगीनं कंपनीची फौज घेऊन आर्थर वेलस्ली तुंगभद्रा ओलांडून आला. वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच. ३० जूनला धोंडजीनं कित्तूरच्या बाजूला गोखल्यांच्या फौजेला गाठलं. त्यात धोंडोपंत मारले गेले. पुतण्या बापू जखमी झाला, पण वाचला. पुढं पेशवाईचा शेवटचा सेनापती म्हणून १८१८ साली आष्टीला पडला तो हाच बापू गोखले.

त्यानंतर वेलस्लीनं पाठ सोडली नाही. कुंदगोळ घेतलं, डंबळ घेतलं. ३० जुलैला मलप्रभेकाठी मुनवळ्ळीजवळ धोंडजीच्या तळावर छापा घातला. नदीला पूर होता. कित्येक माणसं आणि जनावरं पाण्यात गेली. त्यांत बायकापोरं किती होती, हे कुणी मोजलं नाही. अखेर १० सप्टेंबर १८०० रोजी रायचूरच्या बाजूला कोनगल इथं गाठ पडली. धोंडजीपाशी सुमारे पाच हजार स्वार होते. वेलस्लीनं आपल्या घोडदळाच्या चार पलटणी एका ओळीत उभ्या केल्या आणि स्वतः पुढं होऊन हल्ला केला. धोंडजी त्यात मारला गेला. त्याचा देह तोफेच्या गाड्याला बांधून छावणीत आणला.

बंड मोडलं. पण पाहुणे गेले का? दोन वर्षांनी वसईचा तह झाला, १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि धारवाडवरही कंपनीचं निशाण लागलं. बंडखोर मारायला बोलावलेल्यांनी घरच ताब्यात घेतलं. सोमालियाची गोष्ट अशीच संपेल असं मी म्हणत नाही. तिथलं बंड धर्माचं नाव घेऊन चालतं, धोंडजीनं तसं केलं नव्हतं. पण हातात शस्त्र असलेले बेकार तरुण, आपसात भांडणारे सरदार आणि सरकारऐवजी बंडखोराला कर भरणारं गाव, हे मला दोन्हीकडं दिसतं. त्याला एकाच धर्माचा रोग म्हणणं मला जमणार नाही.

धोंडजीला वीर म्हणावं की लुटारू? इंग्रजांनी लुटारू म्हटलं, आज काही जण स्वातंत्र्यवीर म्हणतात. त्यानं परकीयांशी झुंज दिली हे खरं, आणि आपल्याच गावांना नाडलं हेही खरं. मी दोन्ही गोष्टी जवळ ठेवते.

कोनगलच्या रणात सामानसुमानात एक चार वर्षांचा मुलगा सापडला. सलाबत खान, धोंडजीचा पोर. वेलस्लीनं त्याला आपल्या तंबूत नेलं, सांभाळलं आणि हिंदुस्थान सोडताना त्याच्यासाठी पैसे ठेवून गेला. मुलगा मोठा होऊन म्हैसूरच्या राजाच्या चाकरीत लागला आणि १८२२ मध्ये पटकीनं वारला. ज्यानं बाप मारला त्यानंच पोर सांभाळलं. याचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही. पण पुढच्या वेळी सोमालियाची बातमी लागली, की त्या तळावरच्या पोरांकडं आधी माझं लक्ष जाईल.