मातीच्या भांड्यातला चहा : क्रिकेटवीर पालवणकर बाळू

मुधोळच्या मैदानावर आज मुले क्रिकेट खेळतात तेव्हा कोण कुठल्या घरचा, हे कोणी विचारीत नाही. हे सहज घडलेले नाही. यंदाच्या स्मरणिकेत आम्ही म्हणूनच पालवणकर बाळू यांचे स्मरण करीत आहोत.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला. घराणे मूळचे कोकणातले, चांभार समाजाचे. आपल्यासारखेच तेही मराठी मुलखाच्या सीमेवर जन्मले, पण वाढले पुण्यात. लष्करी साहेबांनी टाकून दिलेल्या सामानावर बाळू आणि धाकटे भाऊ शिवराम क्रिकेट शिकले. पुढे गणपत आणि विठ्ठल हे भाऊही नामांकित खेळाडू झाले.

बाळूंची पहिली नोकरी पारशांच्या एका क्लबात, पगार महिना तीन रुपये. काम खेळपट्टी झाडण्याचे आणि तिच्यावर रोलर फिरवण्याचे. १८९२ च्या सुमारास ते इंग्रजांच्या पूना क्लबात गेले आणि पगार चार रुपये झाला. तिथे ग्रेग नावाचे कसलेले फलंदाज सरावासाठी रोज त्यांची डावखुरी फिरकी खेळत. या सरावाने ग्रेग यांची फलंदाजी सुधारली, तशी बाळूंची गोलंदाजीही धारदार झाली. मात्र त्यांच्या हाती बॅट कोणी दिली नाही.

पुण्यातील हिंदूंचा संघ उभा राहत असताना बाळूंना घ्यावे की नाही, असा वाद पेटला. गोष्ट कडू आहे, पण सांगितली पाहिजे. त्यांना घ्या म्हणणारे काही तेलुगू सभासद होते, तर खळखळ करीत होते आपलेच मराठी उच्चवर्णीय. तेलुगू शेजाऱ्यांच्या आधाराने पिढ्यान्‌पिढ्या इथे नांदणाऱ्या आपण हे विसरू नये. अखेर ग्रेग यांनीच वर्तमानपत्रातून सांगितले की बाळूंना वगळणे हा मूर्खपणा ठरेल.

बाळू संघात आले, पण पंक्तीत नाही. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सगळे झेलत. चहाच्या वेळी मात्र इतरांना कपबशी, आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा. जेवणाचे पानही वेगळे. साताऱ्याच्या इंग्रज संघाला त्यांनी हरवून दिले, तेव्हा न्यायमूर्ती रानडे यांनी सोबत्यांना सुनावले की ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायलाही हरकत नसावी.

पुढे मुंबईत हिंदू जिमखान्यातून खेळताना १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी नमवले. त्या सामन्यात बाळूंचे आठ बळी होते. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. तिथे इतर गोलंदाज फिके पडले असताना बाळूंनी ११४ गडी बाद केले. तरुण आंबेडकरांनाही या पराक्रमाचा अभिमान होता.

एवढे होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी रीतसर मिळाले नाही. १९२० मध्ये हा अन्याय असह्य होऊन शिवराम आणि विठ्ठल संघाबाहेर पडले. वाद मिटला तेव्हा बाळू उपकर्णधार झाले आणि मैदानावर काही काळ नेतृत्व त्यांच्याकडे आले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी युरोपियनांना हरवले. थोरल्याने नांगरले, धाकट्याने कापणी केली.

उतारवयात बाळू राजकारणात उतरले. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले. दोघांचे मार्ग वेगळे होते, पण दुखणे एकच होते. जुलै १९५५ मध्ये मुंबईत बाळूंचे निधन झाले.

गणेशोत्सवाच्या महाप्रसादाला आपण एकत्र बसू, तेव्हा ते बाहेर ठेवलेले मातीचे भांडे आठवावे. ज्याच्या कष्टाचे आपण कौतुक करतो, त्याला शेजारचे पान मिळते ना, एवढे प्रत्येकाने पाहावे. बाप्पाच्या पायी आमची हीच प्रार्थना आहे. गणपती बाप्पा मोरया!