बर्फ पोहोचवणारा माणूस

मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो. अशा उन्हातही सोयगाव-कन्नडकडच्या आडगावात बाळांच्या लसी 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानातच पोहोचाव्या लागतात. तापल्या तर लस निकामी होते आणि काही लसी गोठल्या तरीही निकामी होतात. गावापर्यंत गारवा टिकवून नेण्याच्या या व्यवस्थेला आम्ही शीतसाखळी म्हणतो. गार माल दूरच्या उष्ण मुलखात कसा न्यायचा, हा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी एका माणसाने आयुष्य पणाला लावून सोडवला होता. त्याचे नाव फ्रेडरिक ट्यूडर. त्याने पाठवलेला बर्फ मुंबईच्या बंदरातही उतरला होता.

ट्यूडरचा जन्म 1783 साली अमेरिकेतील बोस्टनमध्ये झाला. वडील नामांकित वकील होते, पण या मुलाने तेराव्या वर्षीच शाळा सोडली. सतरा वर्षांचा असताना तो आजारी भावाला हवापालटासाठी क्युबातील हवाना येथे घेऊन गेला. तिथला उकाडा आणि दमट हवा दोघांनाही सोसवेना. भाऊ पुढे 1802 मध्ये दगावला. त्या उन्हाळ्यात गारव्यासाठी झालेली तडफड फ्रेडरिकने जवळून पाहिली होती.

बोस्टनची तळी हिवाळ्यात फुकटात गोठतात, मग तो बर्फ उष्ण देशांत नेऊन का विकू नये, असा विचार त्याने केला. गावाने त्याला वेड्यात काढले. एकही जहाजमालक माल न्यायला तयार होईना, कारण बर्फ वितळून जहाजात पाणी होईल अशी त्यांना धास्ती होती. शेवटी त्याने स्वतःच जहाज विकत घेतले आणि 1806 मध्ये कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावर बर्फ नेला. बराचसा बर्फ शाबूत पोहोचलाही. पण तिथे तो ठेवायला जागाच नव्हती. लोकांनी बर्फ घरी नेला आणि तो डोळ्यांदेखत वितळला. ट्यूडरला हजारो डॉलर्सचा फटका बसला. पुढे कर्जापायी तुरुंगाची हवाही खावी लागली.

या अपयशाने त्याला मोठा धडा दिला. वाहतूक कितीही चांगली असली, तरी मुक्कामाच्या ठिकाणी गारवा टिकवायची सोय नसेल तर सगळे मुसळ केरात. मग तो आधी बर्फघर बांधू लागला आणि नंतर जहाज पाठवू लागला. बर्फाभोवती गवत, तूस, लाकडाचा भुसा असे एकेक भरून त्याने प्रयोग केले. लाकडाचा भुसा सर्वांत सरस ठरला. भुशाच्या कणांत हवा अडकून राहते आणि अडकलेली हवा उष्णता सहजी आत येऊ देत नाही. आजच्या शीतवाहनांच्या भिंतींतला फोम हेच काम करतो.

1825 च्या सुमारास त्याचा सहकारी नॅथॅनियल वायेथ याने घोड्याने ओढायचे बर्फ कापण्याचे औत तयार केले. त्यामुळे सारख्या मापाच्या लाद्या मिळू लागल्या. त्या एकमेकींना चिकटून रचल्या की फटी राहत नाहीत, हवेला कमी पृष्ठभाग मिळतो आणि बर्फ कमी वितळतो. शिवाय बर्फाचा स्वतःचा एक गुण आहे. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढ्या उष्णतेत तेवढेच पाणी 0 वरून 80 अंशांपर्यंत तापते. म्हणून बाहेरची उष्णता अडवली की बर्फ दीर्घकाळ तग धरतो.

मे 1833 मध्ये ‘टस्कनी’ नावाचे जहाज 180 टन बर्फ घेऊन बोस्टनहून कोलकात्याकडे निघाले. प्रवास चार महिन्यांचा होता आणि विषुववृत्त दोनदा ओलांडायचे होते. सप्टेंबरमध्ये जहाज पोहोचले तेव्हा सुमारे 100 टन बर्फ शिल्लक होता! सरकारने त्यावरचे जकात शुल्क माफ केले आणि रात्री माल उतरवण्याची परवानगी दिली. बर्फघरासाठी शहरातल्या लोकांनी वर्गणी काढली.

पुढच्याच वर्षी बर्फ मुंबईत आला. दानशूर व्यापारी जमशेटजी जीजीभॉय यांनी पाहुण्यांना आइस्क्रीम खाऊ घातले आणि खाणाऱ्यांना सर्दी झाली, असा किस्सा सांगतात. डॉक्टर म्हणून मी सर्दीचा दोष विषाणूंना देईन, आइस्क्रीमला नाही. मुंबईत लायन गेटजवळ घुमटाचे बर्फघर उभे राहिले. आज ते नाही, पण चेन्नईतले बर्फघर मात्र विवेकानंद स्मारक म्हणून टिकून आहे.

हा बर्फ मुख्यतः साहेबांच्या आणि श्रीमंतांच्या पेल्यात जात असे. पण तापाने फणफणलेल्या रुग्णांच्या कपाळावरही तो ठेवला जाई. कोलकात्यात टंचाईच्या काळात जादा बर्फ हवा असेल तर डॉक्टरची चिठ्ठी लागे. चैनीची वस्तू अशी हळूहळू गरजेची झाली.

ट्यूडर काही संत नव्हता. प्रतिस्पर्ध्याचा बर्फ वितळून जाईपर्यंत तो स्वतःचा भाव पाडून ठेवी. कॉफीच्या सट्ट्यात त्याने दोन लाख डॉलर्सहून अधिक घालवले आणि हे कर्ज त्याने भारताच्या व्यापाराच्या मदतीने वर्षानुवर्षे फेडले. वयाच्या पन्नाशीत त्याने लग्न केले. 1864 मध्ये, ऐंशीव्या वर्षी, तो वारला तेव्हा जग त्याला बर्फाचा राजा म्हणून ओळखत होते. त्यानंतर काही दशकांतच कृत्रिम बर्फाच्या कारखान्यांनी त्याचा धंदा मोडीत काढला.

धंदा संपला, धडा उरला. जानेवारी 2021 मध्ये पुण्याहून कोविडची लस शीतवाहनांनी आपल्या शहरात आली, तेव्हा ती उतरवून ठेवायला इथे शीतगृह तयार होते. मार्टिनिकमध्ये नेमके हेच नव्हते.

साखळीची शेवटची कडी मात्र पुष्कळदा आपल्या घरातच असते. दर उन्हाळ्यात बाह्यरुग्ण विभागात असे मधुमेही येतात, ज्यांची साखर डोस वाढवूनही उतरत नाही. खोदून विचारले की कळते, इन्सुलिन खिडकीत होते, गाडीच्या डिकीत होते किंवा काळजीपोटी थेट फ्रीझरमध्ये ठेवले होते. दुकानापर्यंत सांभाळून आणलेले औषध शेवटच्या चार पावलांवर वाया गेलेले असते.

म्हणून एवढे पाळा. न उघडलेले इन्सुलिन फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये किंवा बर्फाला टेकवून ठेवू नका. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वापरू नका. घरी फ्रीज नसेल तर कुपी घट्ट झाकणाच्या डबीत घालून, सावलीत ओल्या वाळूत बसवलेल्या मातीच्या मडक्यात ठेवा. वाळू ओली ठेवत राहा. पाणी उडून जाताना मडके गार करते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत औषध कधीही सोडू नका.

ट्यूडरकडे कॉम्प्रेसर नव्हता, वीज नव्हती. भुसा होता आणि माल जिथे पोहोचेल त्या ठिकाणाची आधीच केलेली तयारी होती. आपल्या घरी औषध येण्याआधी त्याची जागा ठरलेली असावी, एवढे तरी आपल्याला जमायला हवे.