जर्व्हेस एल्वेस : संत न्यूमन यांच्या शब्दांना कंठ देणारा गायक

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत इंग्लंडमध्ये टेनर म्हणून, म्हणजे पुरुषी आवाजाच्या वरच्या पट्टीत गाणारे गायक म्हणून, ज्यांचा नावलौकिक झाला त्यांत जर्व्हेस एल्वेस यांचे स्थान फार वरचे आहे. ते श्रद्धावंत कॅथोलिक होते, कार्डिनल न्यूमन यांनी स्थापिलेल्या शाळेचे विद्यार्थी होते आणि न्यूमन यांच्याच काव्यातील मरणासन्न वृद्धाची भूमिका त्यांनी शंभराहून अधिक वेळा गायिली. १ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी संत जॉन हेन्री न्यूमन यांना ख्रिस्तसभेचे धर्मपंडित म्हणून घोषित केले. त्या निमित्ताने न्यूमन यांच्या ग्रंथांविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्यांच्या शब्दांना ज्याने कंठ दिला, त्या गृहस्थाची ओळख मात्र आपल्या वाचकांना फारशी नसावी. ती करून द्यावी असे आम्हांस वाटले.

एल्वेस यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नॉर्दॅम्प्टनजवळच्या बिलिंग हॉल या वाड्यात झाला. घराणे जुने, जमीनजुमला बाळगणारे. बिलिंगखेरीज लिंकनशायरमधील ब्रिग या गावीही त्यांची मालमत्ता होती. जर्व्हेस लहान असतानाच त्यांच्या वडिलांनी कॅथोलिक श्रद्धेचा स्वीकार केला. त्या काळच्या इंग्लंडमध्ये अशा घराण्याने रोमकडे वळणे ही साधी गोष्ट नव्हती. नातेवाईक दुरावत, शेजारीपाजारी कुजबुजत. कॅथोलिकांवरील कायदेशीर निर्बंध १८२९ मध्ये बव्हंशी उठले होते. पण कायदा बदलला म्हणून मने लगेच बदलत नाहीत.

पुढे मुलाला बर्मिंगहॅमच्या ओरेटरी शाळेत धाडण्यात आले. न्यूमन यांनी ही शाळा १८५९ मध्ये सुरू केली होती आणि जर्व्हेस तेथे शिकत असताना ते स्वतः त्याच आवारात धर्मगुरूंच्या समुदायात राहत होते. तेथून वेब्रिजची शाळा आणि मग ऑक्सफर्डचे ख्राइस्ट चर्च महाविद्यालय असा त्यांचा शिक्षणक्रम झाला. १८८९ साली त्यांचा विवाह डेनबी येथील आठव्या अर्लच्या कन्या लेडी विनिफ्रेड फील्डिंग यांच्याशी झाला. हे घराणेही कॅथोलिक. या दांपत्याला सहा मुलगे व दोन मुली झाल्या. त्यांतील सायमन हे पुढे राजघराण्याची व्यक्तिचित्रे रंगविणारे चित्रकार म्हणून प्रसिद्धीस आले.

विवाहानंतर एल्वेस परराष्ट्र सेवेत गेले. व्हिएन्ना व ब्रसेल्स येथे त्यांची काही वर्षे गेली. काम दूतावासाचे, पण मन दुसरीकडे. व्हिएन्नात ब्राम्स यांचे स्नेही मांडिचेव्हस्की यांच्याकडे त्यांनी संगीताचे धडे घेतले आणि ब्राम्स यांच्या गीतांची जी गोडी तेथे लागली ती जन्मभर टिकली. गळ्याचे पद्धतशीर शिक्षण त्यांनी ब्रसेल्समध्ये सुरू केले, तेव्हा त्यांचे वय अठ्ठावीसच्या आसपास होते. ज्या वयात इतर गायक नावारूपास येतात त्या वयात हे सद्गृहस्थ श्वास कसा घ्यावा ते शिकत होते! पुढे पॅरिसमध्ये जाक बुई यांच्याकडे आणि लंडनमध्ये व्हिक्टर बायगेल यांच्याकडे त्यांनी हे शिक्षण चालू ठेवले.

खरी अडचण गळ्याची नव्हती, कुळाची होती. जमीनदाराच्या वारसाने दिवाणखान्यात पाहुण्यांसमोर गावे यात कोणास वावगे वाटत नसे. मात्र त्याच गाण्याचे पैसे घेणे, आपले नाव जाहिरातीच्या फलकावर छापू देणे हे त्या वर्गाला कमीपणाचे वाटे. एल्वेस यांनी या प्रश्नावर अनेक वर्षे घालविली. घरात लहान मुलांचे मोठे कुटुंब होते, तेव्हा हा केवळ मानापमानाचाही विषय नव्हता. या द्विधा मनःस्थितीत लेडी विनिफ्रेड त्यांच्या पाठीशी राहिल्या. अखेर १९०३ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, केंडल येथील वेस्टमरलंड महोत्सवात ते व्यावसायिक गायक म्हणून प्रथम उभे राहिले. दैवाने दिलेली देणगी घरातल्या कपाटात ठेवायची की चारचौघांत खर्चायची, हा प्रश्न आपल्याही धर्मग्रामांतील कित्येक गुणी मुलामुलींपुढे असतो. म्हणून एल्वेस यांच्या आयुष्यातील ही रेंगाळलेली दहा-बारा वर्षे आम्हांस त्यांच्या यशाच्या वर्षांइतकीच महत्त्वाची वाटतात.

येथे एक खुलासा केला पाहिजे. ते ऑपेराच्या रंगभूमीवरचे गायक नव्हते. त्या काळी लंडनच्या कव्हेंट गार्डन नाट्यगृहात कारुसोसारखे इटालियन गायक गाजत होते. इंग्रज टेनरचे मोठे कार्यक्षेत्र असे ते ऑरेटोरिओचे, म्हणजे वेशभूषा व अभिनय वगळून सभागृहात अथवा कॅथेड्रलमध्ये सादर होणाऱ्या धार्मिक संगीतनाट्याचे. एल्वेस या क्षेत्रात चटकन रुळले. बाख यांच्या संत मत्तयकृत दुःखसहनाच्या रचनेत शुभवर्तमानकाराची जी भूमिका असते, ती गाताना त्यांचा प्रत्येक शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचत असे. त्यांचा आवाज भव्य नव्हता. शब्दाचा अर्थ जाणून गाणे हे त्यांचे बळ होते.

त्यांची खरी कीर्ती झाली ती एल्गार यांच्या 'ड्रीम ऑफ जेरॉन्शियस'मुळे. न्यूमन यांनी हे काव्य १८६५ साली लिहिले. जेरॉन्शियस नावाचा एक वृद्ध मृत्युशय्येवर आहे. भोवती मित्र प्रार्थना करीत आहेत, धर्मगुरू त्याच्या आत्म्याला निरोप देतात. उत्तरार्धात तोच आत्मा आपल्या रक्षक देवदूताच्या सोबतीने न्यायासनाकडे जातो, क्षणमात्र परमेश्वरासमोर उभा राहतो आणि त्या तेजाने होरपळून स्वतःच शुद्धिस्थानात नेण्याची याचना करतो. आपण मरणासन्नांसाठी ज्या प्रार्थना म्हणतो त्यांचाच सूर या काव्यात आहे. एल्गार स्वतः कॅथोलिक, वूस्टरच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये काही काळ ऑर्गन वाजविणारे. त्यांनी हे काव्य संगीतबद्ध केले. पण ३ ऑक्टोबर १९०० रोजी बर्मिंगहॅममध्ये झालेला त्याचा पहिला प्रयोग फसला. गायकवृंदाची तयारी पुरी झाली नव्हती. पुढे जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे त्याचे कौतुक झाले आणि मगच इंग्लंडचे डोळे उघडले. तरीही पवित्र मरियेची विनवणी आणि शुद्धिस्थान हे विषय अँग्लिकन कॅथेड्रलांना खटकत. १९०२ साली वूस्टर येथे शब्दांत फेरफार करूनच ते गाऊ दिले गेले. लंडनमधील पहिला प्रयोग १९०३ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या आपल्या कॅथोलिक कॅथेड्रलमध्ये झाला, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

एल्वेस यांनी जेरॉन्शियसची भूमिका लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये १९०४ साली वाइनगार्टनर यांच्या संचालनाखाली गायिली. त्यानंतर ही भूमिका आणि हे नाव जवळजवळ एक झाले. गायक म्हणून ही कामगिरी अवघड आहेच : पूर्वार्धात क्षीण होत जाणाऱ्या देहाचे भय, मध्येच श्रद्धेची ठाम कबुली आणि उत्तरार्धात देहाविना हलका झालेला आत्मा. परंतु एल्वेस यांच्या बाबतीत आणखी काही होते. भूमिकेतील श्रद्धा ही त्यांची रोजची श्रद्धा होती. ज्याची प्रार्थना ते गात, ती प्रार्थना ते घरीही म्हणत. श्रोत्यांमध्ये बहुसंख्य लोक कॅथोलिक नसत. शुद्धिस्थानाविषयीची ख्रिस्तसभेची शिकवण त्यांतील अनेकांनी कोणत्याही प्रवचनातून नव्हे तर या गायकाच्या तोंडून ऐकली असणार.

इतर कामाचा उल्लेख थोडक्यात करतो. ब्रिगच्या संगीतस्पर्धेला एल्वेस पतिपत्नींचे मोठे पाठबळ होते. १९०५ साली तेथे पर्सी ग्रेंजर यांनी जोसेफ टेलर या वयस्क ग्रामस्थाकडून 'ब्रिग फेअर' हे लोकगीत टिपून घेतले आणि पुढच्याच वर्षी एल्वेस यांनी ग्रेंजर यांची त्यावरील रचना तेथे गायिली. रॉजर क्विल्टर यांच्या गीतांना त्यांनीच श्रोते मिळवून दिले. व्हॉन विल्यम्स यांची 'ऑन वेनलॉक एज' ही गीतमाला १५ नोव्हेंबर १९०९ रोजी, म्हणजे नेमक्या आपल्या त्रेचाळिसाव्या वाढदिवशी, त्यांनी प्रथम सादर केली. १९१७ सालची तिची ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहे. त्या काळी मायक्रोफोन नव्हता, कर्ण्यासमोर उभे राहून गावे लागे. त्यामुळे आवाज आजच्या कानाला बारीक व दूरचा वाटतो. पण शब्द? एकही हरवत नाही.

१९२१ च्या आरंभी एल्वेस अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. पत्नी सोबत होत्या. १२ जानेवारी रोजी बॉस्टनच्या बॅक बे स्थानकात दोघे गाडीतून उतरले. कोणाचा तरी एक ओव्हरकोट गाडीतून खाली पडला होता. तो परत देण्यासाठी एल्वेस चालत्या गाडीकडे झुकले, त्यांचा तोल गेला आणि ते फलाट व डबे यांच्या मधल्या जागेत पडले. काही तासांत ते प्रभुवासी झाले. वय चौपन्न. ज्याने मृत्यूची तयारी करणारे शब्द इतक्या वेळा गायिले, त्याला मृत्यू असा अचानक, परक्या देशात, परक्याचा कोट हातात असताना आला.

इंग्लंडमध्ये एकच हळहळ झाली. एल्गार यांना ती पोकळी भरून न येणारी वाटली. त्याच वर्षाच्या अखेरीस जर्व्हेस यांचे धाकटे बंधू डडली यांना नॉर्दॅम्प्टनचे बिशप म्हणून दीक्षा देण्यात आली. तो सोहळा पाहण्यास थोरले बंधू नव्हते. मित्रमंडळींनी, त्यांत त्यांचे गुरू बायगेल प्रमुख होते, १९२१ मध्येच त्यांच्या स्मरणार्थ एक निधी उभारला. हलाखीत सापडलेल्या, आजारी किंवा वृद्ध वादक-गायकांना मदत करणे हा त्याचा हेतू. पुढे 'म्युझिशियन्स बेनेव्होलंट फंड' या नावाने तो वाढला आणि संगीताच्या आश्रयदात्या संत सेसिलिया यांच्या सणानिमित्त १९४६ पासून लंडनमध्ये उपासनाविधी भरवू लागला. हा विधी अँग्लिकन व कॅथोलिक मंदिरांत आळीपाळीने होत असे. २०१४ साली या निधीने 'हेल्प म्युझिशियन्स यूके' हे नाव घेतले.