आधी चढलेले दोघे : नरवीर तानाजी मालुसरे

डिचोली तालुक्यातील नार्वे येथे श्रीसप्तकोटेश्वराच्या दारावर एक शिलालेख आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने १३ नोव्हेंबर १६६८ रोजी या देवालयाचे काम सुरू झाले, याची ती साक्ष. डिचोली, पेडण्यातील आपण सारे तेथे कधी ना कधी हात जोडून आलो आहोत. त्यानंतर अवघ्या सव्वा वर्षाने महाराजांनी एक जिवलग सरदार गमावला. यंदाच्या स्मरणिकेत आम्ही त्या सरदाराचे, तानाजी मालुसरे यांचे स्मरण करीत आहोत.

मालुसऱ्यांचे गाव पोलादपूरजवळचे उमरठ. सह्याद्रीच्या कुशीतल्या या गावच्या पोराला कडेकपारी म्हणजे अंगणच. महाराजांच्या सुरुवातीच्या सोबत्यांत तानाजींची गणना होते. १६६१ च्या कोकण मोहिमेत ते संगमेश्वरी होते. शृंगारपूरच्या सुर्व्यांनी रात्री अचानक हल्ला केला, तेव्हा सोबतचे सरदार पिलाजी नीळकंठराव पळू लागले. तानाजींनी त्यांना धरून आणले, दोराने दगडाला बांधले आणि त्यांच्यादेखत लढून शत्रू परतवला, असे कवींद्र परमानंदांनी ‘शिवभारता’त वर्णिले आहे.

१६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले मोगलांकडे गेले, त्यांत कोंढाणा होता. समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीचा हा गड तटापेक्षा कड्यांवर विसंबून होता. उदेभान राठोड हा राजपूत किल्लेदार तो राखत होता. हा गड परत घेण्याची कामगिरी तानाजींनी पत्करली.

४ फेब्रुवारी १६७०, माघ वद्य नवमी. चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणार, म्हणजे पूर्वरात्र काळोखी. दरवाजे बंद, तेव्हा वाट उरली कड्याची. सभासदाच्या बखरीप्रमाणे तानाजींनी पाचशे मावळ्यांतून दोन मर्दाने निवडले आणि त्यांना आधी कड्यावर चढवले. ते वानरासारखे वर गेले. त्यांनी माळ, म्हणजे दोराची शिडी लावली. मग तिच्यावरून तानाजींसह तीनशे माणूस वर पोहोचले.

या चढाईचे मोल कळायला एक तुलना उपयोगी पडेल. युरोपात आल्प्स पर्वतात ‘व्हिया फेराटा’ नावाच्या वाटा आहेत. नावाचा अर्थच लोखंडी वाट. कड्याला पोलादी दोर आणि पायऱ्या कायमच्या ठोकलेल्या असतात. चढणारा कमरेचा पट्टा दोराला अडकवतो आणि शिखर गाठतो. पहिल्या महायुद्धात डोलोमाइट पर्वतात सैनिकांसाठी अशा पुष्कळ वाटा बांधल्या गेल्या. कठीण वाटांवर आजही छाती दडपते, पण दोर आधीच बांधलेला असतो. आपल्याकडचा रेंदेर माडावर चढतो, तोही खोडाला पाडलेल्या खाचांत पाय रोवून. कोंढाण्याच्या कड्याला ना दोर, ना खाच. त्या दोघांना हाताच्या बोटांनी काळोखातच फट शोधायची होती. दगड निसटला असता, तर पहारा जागा झाला असता.

वर झुंज पेटली. तानाजी आणि उदेभान समोरासमोर आले. तानाजींची ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाही. तेव्हा डाव्या हाताचीच ढाल करून ते लढले. दोघेही वीर पडले. सरदार गेल्यावर मावळे डगमगले असते, पण धाकटे बंधू सूर्याजी यांनी त्यांना सावरून गड जिंकला. पागेची घरे पेटवून विजयाची खूण राजगडावर कळवली.

पुढे पोवाड्यांनी या रात्रीत रंग भरले. यशवंती घोरपड आली, रायबाचे लग्न आले, नव्या नावाचीही कथा आली. वास्तविक सिंहगड हे नाव १६७० पूर्वीच्या पत्रांतही आढळते. पोवाडा ऐकताना आमच्याही अंगावर काटा येतो. त्याचा मान आहे तेथेच राहो. पण घोरपडीने दोर वर नेला असे मानले की त्या दोन मावळ्यांचे काम तिच्या खाती जमा होते. बखरकाराने त्यांची नावे दिली नाहीत. निदान त्यांचे काम तरी त्यांचेच राहू द्यावे. यात तानाजींचेही थोरपण आहे. एवढ्या जोखमीसाठी नेमकी माणसे हेरणे, त्यांच्या हातांनी लावलेल्या माळेवर स्वतःचा जीव टाकणे आणि वर जाऊन आघाडीला उभे राहणे, हे त्यांचे नेतृत्व.

गणेशोत्सवात सिंहगडाचा देखावा उभारला की कड्यावर घोरपड हमखास दिसते. पुढच्या वेळी तिच्या जागी दोन मावळे दाखवावेत, अशी आमची विनंती आहे. मुले विचारतील, हे कोण? तेव्हा सांगावे : हे आधी चढले, म्हणून तानाजी पोहोचले.

गणपती बाप्पा मोरया!