डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण त्याचा पियानो ऐकून भलेभले गार पडायचे

कॅनडातल्या एका शाळकरी पोराला त्याच्या वडिलांनी पियानोची एक रेकॉर्ड ऐकवली. पोरगं स्वतः पियानो शिकत होतं आणि आपल्यासारखं कुणी वाजवत नाही, अशी हवा त्याच्या डोक्यात गेली होती. रेकॉर्ड ऐकून त्याला वाटलं, दोन माणसं एकत्र वाजवतायत. वडिलांनी सांगितलं, वाजवणारा एकच आहे आणि त्याला जवळपास दिसतही नाही. पोराने त्यानंतर बरेच दिवस पियानोला हात लावला नाही.

ते पोरगं म्हणजे पुढे जगभर नाव कमावलेला ऑस्कर पीटरसन. आणि रेकॉर्डवरचा माणूस होता आर्ट टेटम.

टेटमचा जन्म १३ ऑक्टोबर १९०९ चा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात टोलेडो नावाचं शहर आहे, तिथला. वडील मेकॅनिक, आई लोकांच्या घरी काम करायची. लहानपणीच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. बरीच ऑपरेशन्स झाली, थोडंफार दिसायला लागलं. पण तरुणपणी त्याच्यावर हल्ला झाला आणि डाव्या डोळ्याची नजर कायमची गेली. उजव्या डोळ्याने अंधूक दिसायचं, तेवढंच.

पण कान मात्र भलताच तयार होता.

त्या काळी अमेरिकेत आपोआप वाजणारे पियानो असायचे. भोकं पाडलेली कागदाची गुंडाळी आत बसवायची, ती फिरायला लागली की पट्ट्या आपोआप खाली-वर व्हायच्या. छोटा आर्ट त्या हलणाऱ्या पट्ट्यांवर बोटं ठेवून गाणी शिकला. यातल्या काही गुंडाळ्या दोन वादकांनी मिळून वाजवलेल्या असायच्या. आर्टला हे माहीत नव्हतं, त्यामुळे चार हातांचं काम तो दोन हातांनी करायला शिकला, असा किस्सा आजही सांगितला जातो. खरा असो वा रंगवलेला, त्याचं वादन ऐकल्यावर तो पटतो.

पुढे अंधांच्या शाळेत तो ब्रेल लिपीतून संगीत वाचायला शिकला. टोलेडोत ओव्हरटन रेनी नावाचे शिक्षक मिळाले. त्यांनाही नीट दिसत नव्हतं. त्यांनी शिकवलं ते शास्त्रीय युरोपियन संगीत, जॅझ त्यांना फारसं पसंत नव्हतं. आर्टने त्यांच्याकडून बोटांची शिस्त घेतली आणि जॅझ रेडिओ, रेकॉर्ड ऐकून उचललं. विशीच्या आतच तो टोलेडोच्या रेडिओवर वाजवत होता.

१९३२ मध्ये गायिका अ‍ॅडलेड हॉलचा साथीदार म्हणून तो न्यूयॉर्कला आला. हार्लेम भागात तेव्हा ‘स्ट्राइड’ पियानोचा बोलबाला होता. यात डावा हात खालच्या सुरावरून वरच्या सुरांवर सतत उड्या मारत ताल धरतो आणि उजवा हात धून वाजवतो. या प्रकारातले दादा लोक म्हणजे जेम्स पी. जॉन्सन, फॅट्स वॉलर आणि विली ‘द लायन’ स्मिथ. नवीन गडी आला की त्याला बारमध्ये बोलवायचं आणि पियानोवर लोळवायचं, हा त्यांचा खेळ. टेटमलाही बोलावलं. त्याने ‘टी फॉर टू’ आणि ‘टायगर रॅग’ वाजवलं. जॉन्सन आणि वॉलरने आपापली हुकमी अस्त्रं काढली, पण त्या रात्री सिंहासन टोलेडोच्या पोराकडे गेलं. १९३३ मध्ये या दोन्ही गाण्यांच्या रेकॉर्ड निघाल्या.

आता तो नेमकं करायचा काय?

तो मूळ धून सोडायचा नाही. सगळ्यांच्या ओळखीचं गाणं घ्यायचा, धून तशीच ठेवायचा आणि तिच्याखालचे कॉर्ड बदलत जायचा. वरचे सूर ओळखीचे, पण खालची जमीनच हललेली. मध्येच एवढी लांब उडी मारायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, आता हा चुकला. आणि बरोबर ठोक्याला परत यायचा. आपल्याकडे एकच बंदिश कसलेला गायक रोज वेगळी फुलवतो, तसंच काहीसं.

आणि हे सगळं ऐनवेळी सुचलेलं नसायचं. त्याच्या एकाच गाण्याच्या वेगवेगळ्या वर्षांच्या रेकॉर्ड ऐकल्या की कळतं, बऱ्याच जागा आधी बांधलेल्या असायच्या. साचा हाताला इतका पक्का की नवीन सुचलं तर तिकडे वळायला तो मोकळा. कार्यक्रम संपल्यावर पहाटेपर्यंत छोट्या क्लबांमध्ये तो वाजवत बसायचा. त्याचं सगळ्यात मोकळं वादन तिथेच व्हायचं, असं ऐकणारे सांगायचे.

१९३९ च्या सुमारास हार्लेमच्या एका हॉटेलात टेटम वाजवायचा, तेव्हा तिथे भांडी घासणारा एक पोरगा होता चार्ली पार्कर. काही वर्षांतच सॅक्सोफोनवर त्याने जॅझचा चेहरा बदलला.

टेटमवर टीकाही झाली. हा नुसती नक्षी काढतो, स्वतःची नवी धून कुठे रचतो, असा सूर काही समीक्षकांनी लावला. बरेच वादक मात्र त्याच्या बाजूने होते. सगळे धुनीकडे बघत बसले आणि याची खरी निर्मिती खालच्या कॉर्डमध्ये चालली होती, हे त्यांच्या कानांना कळत होतं.

डिसेंबर १९५३ मध्ये निर्माते नॉर्मन ग्रान्झ यांनी त्याला स्टुडिओत बसवलं आणि हवं ते वाजवायला सांगितलं. गड्याने दोन दिवसांत ६९ गाणी वाजवली, तीही बहुतेक पहिल्याच टेकमध्ये.

पण शरीर साथ सोडत होतं. वर्षानुवर्षांची दारू, त्यात मधुमेह. दारू सोडली तोवर उशीर झाला होता. ऑगस्ट १९५६ मध्ये हॉलिवूड बोलमध्ये तो सुमारे १९ हजार लोकांसमोर बसला. त्याच्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी गर्दी. ५ नोव्हेंबर १९५६ ला मूत्रपिंड निकामी होऊन तो गेला. वय फक्त ४७.

पहाटेच्या क्लबांमधलं ते मोकळं वादन एका चाहत्याने १९४०-४१ मध्ये रेकॉर्ड करून ठेवलं होतं. त्याचा अल्बम निघाला आणि टेटमला ग्रॅमी मिळाला, तो गेल्यानंतर १७ वर्षांनी. पुढे १९९३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या एका संशोधकाला तालातल्या सगळ्यात छोट्या कालखंडासाठी शब्द हवा होता. त्याने ठेवला ‘टेटम’. आज संगणकावर संगीताचा अभ्यास करणारे हा शब्द सर्रास वापरतात.